सेनहायझर एचडी ६००: एक उन्हाळा, एक पावसाळा आणि डोक्यावरचा पंखा

हा अनुभव लिहायचा राहूनच गेला असता, पण बैठकीच्या खोलीतल्या पंख्याचा रेग्युलेटर जळला. जुना, गोल फिरणारा डिमर होता. त्याच्या जागी इलेक्ट्रिशियनने पायऱ्यांचा, आत कपॅसिटर असलेला रेग्युलेटर बसवला. खर्च साडेतीनशे रुपये. त्या रात्री हेडफोन लावले तर तानपुऱ्याखालची कायमची घुरघुर गायब. अ‍ॅम्प्लिफायर बदलून जो फरक पडला नव्हता, तो भिंतीवरच्या एका बटणाने पडला. तेव्हा या लेखात हेडफोनपेक्षा पंख्याबद्दल जास्त असेल, आधीच सांगून ठेवतो.

एचडी ६०० चे आकडे बहुतेकांना पाठ आहेत: ३०० ओहम, १ मिलिवॅटला ९७ डेसिबेल, वजन २६० ग्रॅम, १९९७ पासून बाजारात. ओपन-बॅक म्हणजे काय हेही सांगत बसत नाही. एवढंच लक्षात घ्या, की पाठीमागची जाळी आवाज बाहेर सोडते तशीच आतही घेते, आणि ते किती आत घेते याचा अंदाज दुकानाच्या एसी खोलीत येत नाही. युरोपातल्या शांत, बंद खिडक्यांच्या घरात लिहिलेले रिव्ह्यू वाचून आपण हे घेतो आणि लावतो तीनवर फिरणाऱ्या पंख्याखाली.

डिमर छाप रेग्युलेटरमधला ट्रायॅक (विजेचा झटपट चालू-बंद होणारा स्विच) विजेच्या प्रत्येक अर्ध्या लहरीचा तुकडा कापतो. आपला पुरवठा ५० हर्ट्झचा, म्हणजे ही कापाकापी सेकंदाला १०० वेळा होते. मोटरच्या पट्ट्या त्याच तालावर गुणगुणतात, १०० हर्ट्झ आणि त्याच्या पटींत. आता काळी एकच्या पुरुषी तानपुऱ्याचा हिशोब मांडा. जोडीच्या (षड्जाच्या) तारा साधारण १३८ हर्ट्झ, मंद्र पंचम १०४ च्या आसपास. पंख्याची घुरघुर बरोबर पंचमाच्या तारेला चिकटून बसते. त्यामुळे ती वेगळा आवाज म्हणून ऐकू येत नाही. तानपुरा नीट लागलेला नाही, पंचम डळमळतोय, असं वाटत राहतं. बंद हेडफोनमध्ये हे बरंच दबतं, ओपन-बॅकमध्ये सरळ कानात.

कपॅसिटरवाला रेग्युलेटर लहर कापत नाही, व्होल्टेज कमी करतो, म्हणून गुणगुण जवळपास संपते. ओळखायची खूण: चार-पाच ठरावीक पायऱ्या आणि प्रत्येक पायरीला टक् आवाज म्हणजे बहुधा कपॅसिटरवाला, सलग फिरणारं बटण म्हणजे डिमर. डिमर पूर्ण वेगावर ठेवला तर कापणं थांबतं आणि घुरघुर कमी होते, पण मग वाऱ्याचा आवाज वाढतो, म्हणजे आगीतून फुफाट्यात. बीएलडीसी (वीज वाचवणाऱ्या ब्रशविरहित डीसी मोटरचा) पंखा घ्यायचा असेल तर भिंतीवरचा रेग्युलेटर सर्किटमधून काढून सरळ स्विचवर जोडा. हे पंखे रेग्युलेटरमागे चालवायचे नसतात. पण निव्वळ हेडफोनसाठी तीन हजारांचा पंखा घेऊ नका, आधी रेग्युलेटर बदलून बघा.

उरला वारा. पंख्याच्या बरोबर खाली बसलं की झोत जाळीवर आपटतो आणि एक बारीक फडफड ऐकू येते, विशेषतः मान तिरकी असेल तेव्हा. पात्यांच्या टोकापासून हातभर बाहेर खुर्ची सरकवली की फडफड जाते, वारा बऱ्यापैकी लागतो. वेग दोनवर. मे महिन्यात यापेक्षा जास्त काही करता येत नाही. एप्रिल-मेमध्ये दुपारी हे हेडफोन माझ्या लेखी कपाटातच बरे.

हे सगळं चोखंदळपणा म्हणून सोडून देण्यासारखं नाही, कारण गोंगाट असला की माणूस आवाज वाढवतो. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा मोठ्यांसाठी आठवड्याला ४० तास, ८० डेसिबेलला. दर ३ डेसिबेलला वेळ निम्मी होते. पंख्यावर मात करायला ६ डेसिबेल चढवले तर ४० चे १० तास उरले. रोज दीड तास ऐकणाऱ्याचा कोटा तिथेच संपला.

आता अ‍ॅम्प्लिफायर. ३०० ओहम म्हणजे मोठा अ‍ॅम्प हवाच, असं सगळीकडे छापलेलं असतं. गणित करा. १ व्होल्टला या हेडफोनमध्ये ३.३ मिलिवॅट जातात आणि आवाज १०२ डेसिबेलच्या घरात पोचतो. २ व्होल्टला १०८. आजच्या चित्रपट संगीताला १ व्होल्ट पुरून उरतो. अडचण येते ती जुन्या मैफलींच्या रेकॉर्डिंगला. ती हळू आवाजात भरलेली असतात, आलापीची पातळी खाली आणि तबल्याचा एखादा तुकडा एकदम वर. तिथे २ व्होल्ट देणारा यूएसबी डोंगल (फोन किंवा लॅपटॉपला लावून त्यात हेडफोन जोडायचा छोटा तुकडा) लागतो, दोन-तीन हजारांत मिळतो, आणि तेवढ्यावर थांबायला हरकत नाही. अ‍ॅपलचा छोटा डोंगल स्वस्त आणि स्वच्छ आहे, पण अँड्रॉइड फोनला लावला की बऱ्याचदा आवाज अर्धवटच मिळतो. दोष डोंगलचा नाही. फोन त्याचा आतला व्हॉल्यूम पूर्ण उघडत नाही. यूएसबीशी थेट बोलणारं प्लेअर अ‍ॅप वापरलं की सुटतं. लॅपटॉपवर हा प्रश्न नाही.

लॅपटॉपवर वेगळा प्रश्न आहे. चार्जर लावला की बारीक सूं ऐकू येतो आणि धातूच्या कडेवर बोट फिरवलं की झिणझिण्या. चार्जर काढून बघा; आवाज गेला तर दोष बहुधा अर्थिंगचा. दोन पिनांचा चार्जर असेल किंवा तीन पिनांचा असूनही बोर्डात अर्थिंगची तार जोडलेलीच नसेल, जुन्या चाळी आणि वाड्यांमध्ये हे सर्रास असतं. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या, तोवर बॅटरीवर ऐका. महाग केबल घेऊन यात काडीचा फरक पडत नाही.

केबलवरून आठवलं. ३ मीटरची केबल सुरुवातीला डोकेदुखी वाटते, टेबलाखाली वेटोळं, खुर्चीचं चाक त्यावर. पण पंख्यापासून लांब सरकायचं म्हटल्यावर हीच लांबी कामाला येते, म्हणून माझं मत आता उलटं आहे: छोटी केबल घेण्याच्या फंदात पडू नका, वेल्क्रोची पट्टी बांधा. खरी काळजी घ्यायची ती कपाच्या खालच्या दोन पिनांच्या जोडणीची. एक पिन जाड, एक बारीक, म्हणून ती एकाच बाजूने बसते. जबरदस्ती करू नका. उजवीकडच्या प्लगवर लाल खूण असते. काढताना वायर ओढायची नाही, प्लगच्या अंगाला धरून ओढायचं. पावसाळ्यात, विशेषतः कोकण आणि गोव्यासारख्या दमट हवेत, पिना काळवंडतात आणि एक बाजू अधूनमधून गप्प होते. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीवर घेऊन पिना पुसा, वाळू द्या, मग चार-पाच वेळा घालून काढा. तरीही होत असेल तर डावा प्लग उजव्या कपात आणि उजवा डाव्यात घाला. गप्प बाजू बदलली तर दोष केबलमध्ये किंवा त्याआधी. तीच राहिली तर कपात. हे दोन मिनिटांचं काम न करता सर्व्हिसला पाठवलं तर महिना गेलाच म्हणून समजा.

दुसरा हमखास त्रास म्हणजे केस. डग्ग्याच्या घुमकीबरोबर एका कानात चरचर आली की लोक म्हणतात ड्रायव्हर (कपातला छोटा स्पीकर) गेला. बहुतेक वेळा आत एक केस शिरलेला असतो आणि तो ड्रायव्हरच्या पडद्याला घासतो. पॅडची कड धरून बाहेर ओढा, टक् करून निघतो. खाली काळ्या फोमची चकती असते, तीही उचला. उजेडात तिरकं धरून बघा, केस दिसतो. सेलोटेपच्या टोकाला चिकटवून अलगद काढा. फुंकर जोरात मारू नका, व्हॅक्यूम क्लीनर तर जवळही आणू नका, आणि मधल्या भागावर बोट दाबू नका. पडद्याला चुणी पडली की सगळा खेळ संपला. चकती परत ठेवून पॅड चारी बाजूंनी दाबा, टक् टक् आवाज सगळीकडून आला पाहिजे. एका बाजूला जरी सुटला असेल तर त्या कानाचा खर्ज पातळ होतो.

पॅड मखमली आहेत आणि आपल्याकडे डोक्याला खोबरेल तेल असतं. तेलाने पॅड कडक होतात, वर धूळ चिकटते. कोमट पाण्यात सौम्य साबण टाकून हाताने दाबून धुवा, पिळू नका, सावलीत निदान एक दिवस, पावसाळ्यात दोन दिवस वाळवा. पॅड बसके झाले की कान आतल्या चकतीला टेकायला लागतो; हीच बदलायची वेळ. अस्सल जोडी काही हजारांना पडते आणि खिशाला लागते, पण इथे काटकसर करू नका. एका ऑनलाइन विक्रेत्याने ‘ओरिजिनल’ म्हणून जे पाठवलं त्याच्या प्लास्टिकच्या कडीला खाचाच नीट नव्हत्या, आणि परत द्यायला गेलो तर पाकीट फोडलं म्हणून नकार. पाकीट न फोडता खाचा बघायच्या कशा, हे मात्र कोणी सांगितलं नाही.

सुरुवातीची पकड शिकंजासारखी आहे, चष्मा असेल तर दांडी रुतते. दोन्ही बाजू पूर्ण लांब करून आतली पोलादी पट्टी थोडी थोडी बाहेर वाकवा, प्लास्टिकवर ताण देऊ नका. एकदम सैल केलं तर पॅड नीट टेकत नाहीत आणि खर्ज जातो.

आवाजाचं थोडक्यात. मानवी गळ्यासाठी हे हेडफोन अजूनही फार थोड्यांना हार जातील. शब्दाची सुरुवात, श्वास, तानपुऱ्याची जवारी, सगळं जागच्या जागी. मंच, म्हणजे आवाज आजूबाजूला पसरल्याचा भास, मात्र अरुंद. ओपन-बॅक म्हणजे सभागृह उभं राहील अशी अपेक्षा ठेवलीत तर पदरी निराशा. ५०-६० हर्ट्झच्या खाली आवाज उतरत जातो, म्हणून डग्ग्याची मींड ऐकू येते पण छातीत बसत नाही. आणि ३ हजार हर्ट्झच्या आसपास किंचित चढ आहे, जुन्या टेपवरची हार्मोनियम तिथे टोचते. विंडोजवर आवाजाचा ठरावीक भाग वर-खाली करणारं इक्वलायझर एपीओ फुकट आहे: प्रीअ‍ॅम्प (एकूण पातळी) उणे ५ डेसिबेल, १०५ हर्ट्झला लो शेल्फ (त्याखालचा सगळा खर्ज) अधिक ४, ३२०० हर्ट्झला उणे २, क्यू (हा बदल किती अरुंद पट्ट्यात) २. खर्ज यापेक्षा वाढवू नका, पडदा दमतो आणि आवाज फाटतो.

दुसरं काही घ्यायचं असेल तर एचडी ५६०एस १२० ओहमचा, फोनवरही चालतो, खर्ज खाली जातो, पण वरचा आवाज जास्त तेज. बायरडायनॅमिकचा डीटी ९९० प्रो त्याहून तेज. सतारीला झकास, जुन्या रेकॉर्डिंगच्या खरखरीला नको. हायफायमॅनचा एचई४००एसई खर्जाला सरस, पण ३९० ग्रॅम, मानेला जाणवतो. आणि एकाच खोलीत कोणी झोपत असेल तर यातला एकही घेऊ नका, शेजारच्या माणसाला तबल्याचा बोलन्‌बोल कळतो.

घेतलेत तर परत करण्याची मुदत संपण्याआधी तीन गोष्टी तपासा. जुनं मोनो रेकॉर्डिंग लावा, गळा बरोबर मधोमध यायला हवा. प्लग दोन्हीकडे हलवून बघा. २० ते २०० हर्ट्झचा सरकता सूर हळू आवाजात वाजवा, कुठेही चरचर नको. हे करताना पंखा बंद ठेवा.