फुकट प्रोग्रामिंग कोर्स : अर्ध्यात सुटणार नाही असा कोणता?

जळगाव, धुळे, नंदुरबारकडची मुलं मोफत ऑनलाइन कोर्सवर प्रोग्रामिंग शिकायचं ठरवतात, तेव्हा पहिला प्रश्न असतो, "सगळ्यात चांगला कोर्स कोणता?" चांगले कोर्स ढिगाने पडलेत. खरी अडचण तिसऱ्या आठवड्यात येते. लूप (एकच काम पुन्हा पुन्हा करून घ्यायची रचना) शिकून झालेले असतात, प्रोग्राम मात्र चालत नाही, एरर काय म्हणतेय ते कळत नाही आणि घरात विचारावं असं कुणी नसतं. त्या संध्याकाळी जो कोर्स तुम्हाला परत लॅपटॉपसमोर बसवेल, तो तुमचा. पुढची तुलना एवढ्या एकाच नजरेने केली आहे.

आपल्याकडे एमएस-सीआयटी अर्ध्यात सोडलेला माणूस शोधून सापडत नाही, आणि पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा अर्ध्यात सोडलेली मुलं मात्र प्रत्येक वर्गात भेटतात. एमएस-सीआयटी फार रंजक असते म्हणून असं होतं का? तसं काही नाही. फी भरलेली असते, बॅचची वेळ ठरलेली असते, शेवटी परीक्षा असते आणि दोन दिवस दांडी मारली की सेंटरवरून फोन येतो. फुकटच्या कोर्समध्ये यातलं काहीच नसतं, त्यामुळे नव्याचे नऊ दिवस संपले की ब्राउझरमधला टॅब नुसता उघडा राहतो.

ही खान्देशातल्या पोरांचीच रड नाही. हार्वर्ड आणि एमआयटीच्या ऑनलाइन कोर्सचा अभ्यास २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला होता. नाव नोंदवणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त जणांनी कोर्स उघडूनही पाहिला नव्हता. २०१७-१८ मध्ये सगळे मिळून ३.१३ टक्के लोकांनी कोर्स पूर्ण केला. प्रमाणपत्रासाठी पैसे भरलेल्यांमध्ये हेच प्रमाण ४६ टक्के होतं. पैसे भरणारा माणूस मुळातच जास्त गंभीर असतो हे धरलं, तरी फरक मोठा आहे. तेव्हा कोर्स सुटला म्हणून स्वतःला आळशी ठरवण्याआधी, त्या कोर्समध्ये धरून ठेवणारं काय होतं ते बघा.

म्हणून माझा पहिला कौल एनपीटीईएलला. आयआयटी आणि बंगळुरूच्या आयआयएससीचा हा उपक्रम, कोर्स केंद्र सरकारच्या 'स्वयम' या ऑनलाइन पोर्टलवर चालतात. नोंदणी, व्हिडिओ आणि दर आठवड्याच्या असाइनमेंट फुकट. प्रमाणपत्र हवं तर केंद्रावर जाऊन परीक्षा द्यायची, तिची फी साधारण हजार रुपये. अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांना त्यात सवलत असते. अगदी नवख्याने आयआयटी रोपडच्या सुदर्शन अय्यंगार सरांचा 'जॉय ऑफ कम्प्युटिंग युजिंग पायथन' घ्यावा, तो १२ आठवड्यांचा आहे. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटच्या माधवन मुकुंद सरांचा पायथनमधून डेटा स्ट्रक्चर (माहिती रचून ठेवायच्या पद्धती) शिकवणारा कोर्स ८ आठवड्यांचाच आहे, पण वेगाने पळतो. थोडंफार पायथन येत असेल तरच त्याच्या वाटेला जा.

मला एनपीटीईएलचा सगळ्यात आवडलेला भाग म्हणजे गुणांचा हिशेब. असाइनमेंटला २५ टक्के, परीक्षेला ७५. आणि १२ आठवड्यांच्या कोर्समध्ये तुमच्या सगळ्यात चांगल्या ८ असाइनमेंटच धरतात. म्हणजे चार आठवडे लग्नात, तापात किंवा शेतात गेले तरी कोर्स हातचा जात नाही. दर आठवड्याची मुदत मागे लागलेली असते आणि वर सवडही असते. शेतीच्या घरातल्या मुलांना ही रचना फार सोयीची आहे.

सत्र मात्र विचार करून निवडा. जुलैमध्ये सुरू होणाऱ्या सत्राची परीक्षा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येते, म्हणजे नेमकी कापसाच्या वेचणीत आणि दिवाळीच्या तोंडावर. ज्यांच्या घरी कापूस आहे त्यांनी जानेवारीचं सत्र धरावं. त्याची परीक्षा एप्रिलच्या आसपास असते. तेव्हा ऊन मी म्हणत असतं आणि कॉलेजच्या परीक्षाही जवळ आलेल्या असतात, पण निदान शेतात मजूर कमी पडतात म्हणून कुणी हाक मारत नाही. रावेर-यावलच्या केळीवाल्यांचं काम तर बारमाही, त्यांना कोणतं सत्र सांगणार!

एनपीटीईएलची खोटही सांगतो. असाइनमेंटमध्ये पर्याय निवडायचे प्रश्न बरेच असतात आणि त्यांची उत्तरं टेलिग्रामवर फिरत असतात. ती टिपून असाइनमेंटचे गुण मिळतात, पण प्रमाणपत्र हातात येऊनही कोरी फाइल समोर आली की बोटं हलत नाहीत, अशी मुलं तयार होतात.

तिथे हार्वर्डचा सीएस५०, म्हणजे कम्प्युटर सायन्सची ओळख करून देणारा कोर्स, वरचढ ठरतो. तिथले प्राध्यापक डेव्हिड मॅलन शिकवतात आणि दोन-दोन तासांचं लेक्चरसुद्धा कंटाळा न येता बघून होतं. यात पर्याय टिपून भागत नाही. प्रत्येक प्रश्नाचा कोड स्वतः लिहायचा, ब्राउझरमध्येच, आणि तो बरोबर आहे की नाही हे यंत्र लगेच तपासून देतं. सुरुवात स्क्रॅचने, म्हणजे ठोकळे जोडून प्रोग्राम बनवायच्या भाषेने, मग थेट सी ही भाषा. पहिल्याच सी आठवड्यात # चिन्हांचा मारिओसारखा पिरॅमिड छापायला सांगतात आणि त्यातल्या डावीकडच्या रिकाम्या जागा मोजण्यात भल्याभल्यांची संध्याकाळ जाते. चौथ्या आठवड्यात मेमरी आणि पॉइंटर (मेमरीतल्या जागेचा पत्ता) येतात. बरेच जण गळतात ते तिथे.

सीएस५०ला घाई अशी नाहीच. आपल्या गतीने करा, प्रमाणपत्रही त्यांच्याच साइटवर फुकट मिळतं. ज्याचं मन आधीच लागत नाही, त्याला ही मोकळीक घातक ठरते. आज नाही झालं तरी कुणी विचारत नाही, मग उद्याही होत नाही. त्यामुळे सीएस५० घ्यायचाच असेल तर आधी त्याच मंडळींचा सीएस५०पी करा. त्यात फक्त पायथन आहे, पॉइंटरची कटकट नाही आणि पहिल्या आठवड्यापासून काहीतरी चालणारं हातात येतं. मूळ सीएस५० त्यानंतर.

वेबसाइट बनवायला शिकायचं असेल तर सहसा फ्रीकोडकॅम्प आणि द ओडिन प्रोजेक्ट या दोन नावांत घोळ होतो. फ्रीकोडकॅम्पमध्ये पायऱ्या इतक्या छोट्या असतात की दहा मिनिटांत दोन-चार होतात आणि प्रत्येक बरोबर उत्तराला दाद मिळते. भुसावळ-जळगाव अपडाउन करणाऱ्याला, लॅबमध्ये तासभरच मशीन मिळणाऱ्याला हे जमतं. पण पायऱ्या छोट्या म्हणूनच आपल्याला सगळं येतंय असा भास होतो, तेव्हा मधले प्रोजेक्ट वगळू नका. ओडिन अगदी उलटा. आधी स्वतःच्या मशीनवर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम किंवा डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) बसवा, गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) शिका, मग पुढचं. वाचन भरपूर आणि सगळं इंग्रजीत. चार जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्ससाठी व्हर्च्युअल मशीन (कम्प्युटरच्या आत चालणारा दुसरा कम्प्युटर) चालवायचं म्हणजे पहिल्याच आठवड्यात उत्साह संपतो. ओडिनमधून निघालेला मुलगा कामाला तयार असतो हे खरं, पण पहिलाच कोर्स म्हणून मी तो कुणाला सुचवणार नाही.

यूट्यूबच्या प्लेलिस्टवर फार बोलण्यासारखं नाही. हिंदीत उत्तम शिकवणारे आहेत, मराठीतही मिळतील. बघताना सगळं समजतं आणि करायला बसलं की काही आठवत नाही, आणि पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू होतो. अडलेली गोष्ट समजून घ्यायला यूट्यूब ठेवा, मुख्य कोर्स म्हणून नको.

इंग्रजीचीच भीती असेल तर आयआयटी मुंबईचं स्पोकन ट्युटोरियल बघा. साधारण दहा मिनिटांचे धडे आहेत आणि त्यातले बरेच मराठी आवाजात मिळतात. एका बाजूला व्हिडिओ, दुसऱ्या बाजूला आपलं मशीन, असं बरोबरीने करत जायचं. मांडणी जुनाट वाटेल, पण सी किंवा लिनक्सची पहिली ओळख मायबोलीत झाली की पुढचं इंग्रजी एवढं अंगावर येत नाही.

राहिला गावातला पैसे देऊन लावायचा क्लास. तिथला अभ्यासक्रम वरच्या बहुतेक कोर्सपेक्षा कमी खोल असण्याची शक्यता जास्त. पण तिथे वेळ ठरलेली असते, अडलं तर तोंडी विचारता येतं आणि शेजारी बसलेलाही अडलेला असतो, हे बघूनच निम्मी भीती जाते. क्लासची फी परवडत नसेल तर यातली शेवटची गोष्ट फुकटात जमवता येते. दोघा-तिघांनी मिळून एकच कोर्स, एकाच दिवशी सुरू करायचा आणि आठवड्यातून एकदा कॉलेजच्या लॅबमध्ये एकमेकांचा कोड वाचायचा. ज्याने लिहिला नसेल त्याला त्या दिवशी चहा पाजावा लागेल.

घरी लॅपटॉप नसेल तर वरच्यापैकी एनपीटीईएलचे व्हिडिओ आणि स्पोकन ट्युटोरियल मोबाइलवर बघून होतील, पण कोड लॅबमध्येच लिहावा लागेल. सीएस५० आणि ओडिन लॅपटॉप येईपर्यंत बाजूला ठेवा. एनपीटीईएल घेणार असाल तर परीक्षेची फी पहिल्या दिवशी भरू नका. परीक्षेची नोंदणी कोर्स सुरू झाल्यावरही काही आठवडे उघडी असते. तीन असाइनमेंट स्वतःच्या हाताने झाल्या की मग हजार रुपये भरा.