दहा रुपयांची थाळी आणि गळ्यातलं ओळखपत्र

हे शिवभोजन थाळीचं सरकारी योजनेतलं केंद्र सोलापुरातलं आहे. नेमकं कुठलं ते लिहीत नाही, उगाच तिथल्या ताईंना माझ्यामुळं नोटीस नको.

आधी जेवणाचं. शिवभोजन थाळी, 10 रुपये. दोन चपात्या, भाजी, वरण, भात. सरकारी मापात चपाती 30 ग्रॅमची, भाजी आणि वरण 100-100 ग्रॅम, भात 150 ग्रॅम. इथं मापात मारत नाहीत. वरणाला लसणाची फोडणी असते, भात वाफाळता असतो, आणि मटकीची उसळ तर मी बाहेरच्या 90 रुपयांच्या थाळीपेक्षा वर धरतो. कोबी मात्र पाणचट, आणि तो सारखा येतो. चपात्या दोनच. आम्ही ज्वारीची माणसं. हमाली करून आलेल्या गड्याचं दोन चपात्यांत काय होणार? जादा मागितली तर मिळत नाही. त्यात ताईंचा दोष नाही. 26 जानेवारी 2020 ला योजना सुरू झाली तेव्हा शहरातल्या थाळीचा दर 50 रुपये धरला: 10 आपले, 40 सरकारचे. तेव्हाच्या भावात आज तेल कुठं मिळतंय? वर केंद्रवाल्यांची बिलं थकल्याच्या बातम्या आपण वाचतोच.

ताट घ्यायच्या आधी नाव सांगायचं आणि मोबाईलसमोर उभं राहायचं. ॲपमध्ये फोटो गेला की थाळी मोजली जाते. खोट्या थाळ्या दाखवून कुणी पैसे उचलू नयेत म्हणून ही सोय, पटतंही. पण समोरच्या हॉटेलात बिर्याणी खाणाऱ्याला कुणी ‘इकडं बघा’ म्हणत नाही. पेशंटला ॲडमिट करून आलेली बाई पदर सावरून उभी राहते, तेव्हा मागचे सगळे मान खाली घालून चपलांकडं बघत असतात. दहा रुपये देऊनसुद्धा.

आता माझं. योजनेच्या अटींत सरकारी कर्मचाऱ्यांना इथं जेवायला मनाई आहे. ठीकच आहे, गरिबाच्या ताटात त्यांनी कशाला हात घालायचा? मी एका सरकारी कार्यालयात डाटा एंट्री करतो, पण एजन्सीमार्फत. महिन्याला हातात साडेअकरा हजार पडतात. आमच्या शिपाई मामांच्या पदाचं सातव्या आयोगातलं सुरुवातीचं मूळ वेतनच 15,000, वर महागाई भत्ता, घरभाडं. मामा माझ्या टेबलावर चहा आणून ठेवतात आणि महिनाअखेरीला मीच त्यांच्याकडं पाचशे उसने मागतो.

दुपारी साहेबांचा डबा बंगल्यावरून येतो, भाऊसाहेब मंडळी कॅन्टीनला जातात, मामा घरची भाकरी सोडतात. आम्ही एजन्सीची पोरं एकेक करून सटकतो. घोळक्यानं गेलं की डोळ्यावर येतं. रजा मागितली की आम्ही एजन्सीचे. निवडणुकीचं काम आलं की कार्यालयाचे. थाळीपुरते कोण, हे कुठल्या शासन निर्णयात बघायचं? सप्टेंबर 2023 मध्ये बाह्ययंत्रणेमार्फत, म्हणजे एजन्सीकडून कंत्राटी, सरकारी पदं भरायचा निर्णय निघाला, राज्यभर ओरड झाली, ऑक्टोबरमध्ये तो मागं घेतला. लोकांना वाटलं, कंत्राटी संपलं. आमची एजन्सी होती तिथंच आहे.

आई विड्या वळायची. तिचा पीएफ कापला जायचा, त्याची कागदं अजून ट्रंकेत आहेत. माझाही कापतात, पण खात्यात सगळे महिने दिसत नाहीत. गल्लीत मात्र आई मला ‘हापिसातला’ म्हणून सांगते. मी कुठं जेवतो हे तिला सांगितलेलं नाही. कळलं तर दुखऱ्या गुडघ्यांनी पहाटे उठून भाकरी थापायला बसेल.

केंद्रात शिरताना ओळखपत्र खिशात टाकतो. एकदा राहिलं, तर मोबाईल धरलेल्या ताईच म्हणाल्या, “दादा, तेवढा पट्टा आत घ्या, फोटोत येतोय.” पुढं चौकशी नाही, कपाळाला आठी नाही. वाढतानाही तसंच. भंगार गोळा करणारा असो की इस्त्रीच्या शर्टातला मी, दोघांना एकाच पळीनं वाढतात. सेवेला म्हणून पाचपैकी पाच. चवीला साडेतीन, कोबीचा दिवस असेल तर अडीच.

बसायला बाकडी कमी आहेत, पंखा एकच आणि तोही बाकड्यांवर नाही. हात धुवायच्या जागी साबण नसतो, तेवढं त्यांनी मनावर घ्यावं. थाळ्यांचा आकडा ठरलेला असतो, म्हणून साडेबाराच्या आत जा. सुटे दहा न्या. आणि शेंगाचटणीची पुडी खिशात असू द्या, कोबीवर चांगली लागते.