तपकीर गल्लीतील ड्रोन-दुरुस्ती: टेबलावर स्वच्छ, बागेत मुंग्या

पुण्यात बुधवार पेठेतील तपकीर गल्लीच्या परिसरात ड्रोन दुरुस्त करून देणारे एक छोटे दुकान आहे. गेल्या हिवाळ्यात एकाच बिघाडासाठी मला तिथे दोन खेपा घालाव्या लागल्या, आणि त्या दोन्ही खेपांचा अनुभव इथे लिहीत आहे. दुकानाचे नाव देत नाही, कारण तक्रारीचा भाग मोठा आहे आणि दुकानदारांनी आपली चूक कबूलही केली आहे.

ड्रोन पाच इंची पंख्यांचे असून सुटे भाग आणून मीच जोडलेले आहे. त्याला कार्बन फायबरची चौकट, अ‍ॅनालॉग कॅमेरा आणि 5.8 गिगाहर्ट्झवर चित्र पाठवणारा ट्रान्समीटर, म्हणजे ज्याला सगळे व्हीटीएक्स म्हणतात तो, बसवला आहे. ते चित्र मला डोळ्यांवरच्या गॉगलमधल्या पडद्यावर दिसते, आणि त्या गॉगलला दोन अँटेना आहेत. सासवडजवळ मामांच्या सीताफळाच्या बागेत मी ते उडवतो. वजन अडीचशे ग्रॅमच्या वर असल्यामुळे ते 2021 च्या ड्रोन नियमांप्रमाणे सूक्ष्म वर्गात येते, आणि माझे डोळे गॉगलमध्ये असतात म्हणून मामेभाऊ शेजारी उभा राहून ड्रोनवर नजर ठेवतो. पूर्वी चारशे मीटरपर्यंत चित्र चांगले येत असे. एकदा फांदीला अडकून ड्रोन खाली आले आणि तेव्हापासून शंभर मीटरच्या आतच पडद्यावर मुंग्या येऊ लागल्या, डावीकडे वळवले की चित्र पूर्णच जाऊ लागले, आणि वेग वाढवला की आडव्या रेषा धावू लागल्या.

मी दुकानात गेलो तो अधिक ताकदीचा व्हीटीएक्स विकत घेण्याच्या तयारीने. काउंटरवरच्या कारागिराने तो काढून दाखवण्याआधी मला एकच प्रश्न विचारला: चित्र जाते तेव्हा बॅटरीचे व्होल्ट दाखवणारे आकडे दिसत राहतात का? या प्रश्नाला मी पूर्ण गुण देतो. ते आकडे फ्लाइट कंट्रोलर, म्हणजे ड्रोनला उडताना सांभाळणारा सर्किट बोर्ड, कॅमेऱ्याच्या चित्रावर नंतर चढवतो, त्यामुळे आकडे स्पष्ट आणि मागचे चित्र काळे असेल तर दोष कॅमेऱ्यात किंवा त्याच्या वायरीत असतो. आकडे आणि चित्र दोन्हींवर एकदम मुंग्या येत असतील तर कॅमेऱ्याला हात लावण्याचे कारण नाही, दोष व्हीटीएक्सपासून गॉगलपर्यंतच्या वाटेवर कुठेतरी असतो. माझ्या बाबतीत दोन्ही एकदम जात होते. वेगाबरोबर येणाऱ्या रेषा हा मात्र वेगळाच आजार असल्याचे त्याने तिथल्या तिथे सांगितले, कारण त्या अँटेनामुळे नव्हे, तर मोटारींना वीज देताना पुरवठ्यात येणाऱ्या खळबळीमुळे उमटतात. त्यावर त्याने बॅटरीच्या वायरींवर 1000 मायक्रोफॅरड, 35 व्होल्टचा कपॅसिटर सोल्डर केला आणि रेषा गेल्या त्या गेल्याच.

खरा दोष शोधतानाही त्याचा हात सराईत होता. व्हीटीएक्सवरचा यूएफएल कनेक्टर शर्टाच्या बटणाहूनही लहान असतो. तो दाबून बसल्यासारखा दिसतो आणि एका बाजूने उचललेला असतो. हे कनेक्टर साधारण तीस वेळा काढण्या-घालण्यापुरतेच बनवलेले असतात, आणि मी नव्या जोडणीच्या उत्साहात तेवढे बहुधा पहिल्याच महिन्यात संपवले असावेत. शिवाय अँटेनाच्या बारीक केबलची वरची जाळी चौकटीच्या कडेवर घासून तुटली होती. कार्बन फायबर वीज वाहून नेते आणि रेडिओलहरी अडवते, त्यामुळे पडल्यानंतर चौकटीवर आडवा झालेला अँटेना एका बाजूला जवळजवळ आंधळाच झाला होता. डावीकडच्या वळणाचे कोडे असे सुटले. तुटका किंवा नसलेला अँटेना घेऊन व्हीटीएक्स चालवला की बाहेर न पडलेली शक्ती परत फिरते आणि आतला अ‍ॅम्प्लिफायर तापून जळू शकतो, म्हणून त्याने मीटर लावून शक्तीही मोजली. ती शाबूत निघाली, आणि नवा व्हीटीएक्स घ्यायची गरज उरली नाही.

त्याने नवा वर्तुळाकार ध्रुवीकरणाचा, म्हणजे लहरी स्क्रूसारख्या फिरत सोडणारा, अँटेना बसवला, कनेक्टरवर पट्टी बांधून तो पक्का केला आणि अँटेना मागच्या बाजूला चौकटीपासून दूर उभा केला. अँटेना, कपॅसिटर आणि मजुरी मिळून 1,750 रुपये झाले. टेबलावर गॉगल लावून पाहिले, चित्र आरशासारखे स्वच्छ होते.

बागेत मात्र शंभर मीटरवर पुन्हा मुंग्या.

पहिला संशय मी स्वतःवर घेतला, आणि तो अगदीच चुकीचा नव्हता. मी झाडांमागे खुर्ची टाकून बसत असे. 5.8 गिगाहर्ट्झवर चारशे मीटरच्या अंतरासाठी मधल्या टप्प्यात सरळ रेषेभोवती सुमारे सव्वादोन मीटर जागा मोकळी असावी लागते, नुसता ड्रोन दिसणे पुरेसे नसते; त्यात पाणी दिलेल्या बागेची ओली पाने या लहरी चांगल्याच शोषून घेतात. विहिरीच्या उंच कठड्याशेजारी उभा राहिलो तेव्हा थोडा फरक पडला, पण जुने चारशे मीटर काही परत आले नाहीत.

उलगडा झाला तो अडगळीतल्या वस्तूमुळे. गॉगलबरोबर आलेले साधे, काडीसारखे दोन अँटेना मी कधीच काढून ठेवले होते. ते सहज लावून पाहिले आणि चित्र पावणेतीनशे मीटरच्या आसपास टिकले. महागड्या अँटेनापेक्षा साधी काडी सरस ठरते, याचा अर्थ एकच होता. माझ्या गॉगलचे अँटेना उजव्या फिरकीचे, म्हणजे आरएचसीपी होते आणि दुकानातून बसवून आलेला अँटेना डाव्या फिरकीचा, एलएचसीपी. फिरकी उलटी असली की सुमारे 20 डेसिबेलचा, म्हणजे शंभरातला एकच भाग हाती लागेल इतका तोटा होतो. साध्या काडीला दोन्हीपैकी कोणतीही फिरकी चालते आणि तोटा 3 डेसिबेलवर, म्हणजे निम्म्या शक्तीवर, थांबतो. अंतराच्या हिशेबात निम्मी शक्ती म्हणजे चारशेचे पावणेतीनशे मीटर होतात, आणि ते गणित बागेत जवळजवळ तंतोतंत जुळले. उलट्या फिरकीवरही शंभर मीटर चित्र आले, कारण जमिनीवरून परतलेल्या लहरींची फिरकी उलटी होते आणि त्यातला काही भाग गॉगलच्या पदरात पडतो.

दुसऱ्या खेपेला दुकानदार म्हणाले, “सर, टेबलावर तर एकदम क्लिअर होतं.” माझी मुख्य तक्रार नेमकी हीच आहे. दोन मीटरवर सिग्नल इतका भरपूर असतो की त्यातले नव्याण्णव टक्के वाया गेले तरी चित्रात फरक दिसत नाही. टेबलावर कनेक्टर तपासता येतो, अँटेना नाही. व्हीटीएक्स 25 मिलीवॅटवर उतरवून गॉगल जिन्यापलीकडे नेला असता तरी चूक पाच मिनिटांत उघडी पडली असती. शिवाय त्या अँटेनाच्या टोपणावर फिरकीची खूणच नव्हती, आणि बिनखुणेचा अँटेना गिऱ्हाइकाच्या गॉगलकडे न पाहता बसवणे हा निष्काळजीपणा आहे.

दुसरी तक्रार सेटिंगची. मला न विचारता चॅनेल बदलून 5880 मेगाहर्ट्झवर नेलेला होता, आणि शक्ती 800 मिलीवॅटवर. आपल्याकडे ठरावीक शक्तीच्या मर्यादेत परवान्याशिवाय वापरता येणारा पट्टा 5725 ते 5875 मेगाहर्ट्झचा आहे. 5880 त्याच्या बाहेर पडते. ही जबाबदारी उडवणाऱ्याची असते, दुकानाची नव्हे, म्हणून बदल केला तर निदान पावतीवर लिहून द्यायला हवा होता.

अँटेना त्यांनी वाद न घालता बदलून दिला, पैसे घेतले नाहीत, आणि या वेळी कारागीर स्वतः गॉगल घेऊन गल्लीच्या तोंडापर्यंत चालत गेला. निदान आणि सोल्डरिंग यांसाठी पाचपैकी साडेचार, तपासणीसाठी दोन. तिथे जाणार असाल तर ड्रोनबरोबर गॉगल आणि त्याचे सगळे अँटेना नक्की घेऊन जा, आणि दुकान सोडण्यापूर्वी व्हीटीएक्सची सेटिंग स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. सध्या बागेत चारशे मीटर पुन्हा मिळत आहेत. फक्त ड्रोन थेट डोक्यावर आणले की चित्र क्षणभर थरथरते, कारण उभ्या अँटेनाच्या शेंड्याच्या दिशेने सिग्नल सगळ्यांत कमी जातो, आणि त्याला कोणत्याच दुकानात इलाज नाही.