इतवारीतील एका जुन्या सराफी पेढीचा अनुभव

आईची पुतळीमाळ आणि आजीची बोरमाळ नव्याने गाठवून घेण्यासाठी मी नागपूरच्या इतवारीतील सराफा बाजारात एका जुन्या पेढीवर गेले. त्याआधी शहरातील एका मोठ्या दालनात या दोन्ही माळा नीट न पाहताच काट्यावर ठेवल्या गेल्या आणि मोडीत किती येतील तेवढे सांगण्यात आले, याचे मला फार वाईट वाटले होते.

या पेढीवरील वयस्क कारागिरांनी वजनाआधी पुतळी भिंगाखाली धरली. मूळची पुतळी म्हणजे व्हेनिसमध्ये १२८४ पासून पाडले जाणारे, सुमारे साडेतीन ग्रॅमचे सोन्याचे नाणे; त्यावर संत मार्क आणि त्यांच्यापुढे गुडघे टेकलेला तेथील शासक अशा मानवी आकृती असत, म्हणून आपल्याकडे त्याला पुतळी म्हणू लागले. पुढे सोनार पातळ पत्र्यावर देवदेवतांचे ठसे मारून तशा चकत्या घडवू लागले. आमची माळ त्यांतलीच आहे, हे त्यांनी चकती उलटी करून, मागे उमटलेला ठशाचा खळगा दाखवून पटवून दिले.

बोरमाळेचा एक मणी चेपला होता. आत लाख भरलेली असल्याने तो थेट आचेवर धरता येत नाही आणि वजनातून लाखेची घट वजा केल्याशिवाय सोन्याचा हिशेब लागत नाही, हे त्यांनी काम हाती घेण्यापूर्वीच सांगितले. गाठवण्याची मजुरीही आधीच ठरली.

कुंदनाच्या कुड्यांबद्दल विचारल्यावर, कुंदन हे खड्याचे नाव नसून खड्याभोवती दाबून बसवलेल्या शुद्ध सोन्याचे आहे, असा खुलासा मिळाला. कुंदन, पोलकी (पैलू न पाडलेले हिरे) आणि जडावाच्या दागिन्यांना हॉलमार्कच्या सक्तीतून सूट असल्यामुळे त्यांतील सोन्याचा कस पावतीवर लिहून घ्यावा, हा त्यांचा सल्ला मला अत्यंत मोलाचा वाटतो.

काम आठ दिवस उशिरा मिळाले, ही तक्रार मात्र नोंदवलीच पाहिजे. गाठवण सुबक आहे, रेशमी गोंड्याचा पीळही घट्ट आहे. संगणकावरच्या पावतीत दोन्ही माळांपुढे केवळ ‘नेकलेस’ असे छापले होते. मी ते लक्षात आणून देताच कारागिरांनी ते खोडून स्वतःच्या हाताने ‘पुतळीमाळ’ आणि ‘बोरमाळ, लाखेची’ असे लिहून दिले.