एनटीजी-ईडीएसडी प्रश्नावली : तीव्र बौद्धिक अक्षमतेत कितपत उपयोगी?

एनटीजी-ईडीएसडी (नॅशनल टास्क ग्रुप – अर्ली डिटेक्शन स्क्रीन फॉर डिमेन्शिया) ही बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांमधल्या स्मृतिभ्रंशाची सुरुवात टिपणारी मोफत प्रश्नावली. त्या व्यक्तीला किमान 6 महिने ओळखणाऱ्या कुणालाही ती भरता येते. निदान ती करत नाही. तिची ताकद उत्तरांच्या पर्यायांत आहे : पहिल्यापासून असंच, होतंच पण वाढलं, गेल्या वर्षभरात नवीन, लागू नाही. माणसाची तुलना त्याच्याच आधीच्या क्षमतेशी होते, हे फार मोलाचं.

अडचण अशी, की तीव्र अक्षमतेत वाचन, संभाषण यांसारख्या प्रश्नांपुढे ‘लागू नाही’च्या खुणा साचतात आणि भरलेला कागद पाहून सगळं ठीक असल्याचा खोटा दिलासा मिळतो. म्हणून बारीक बदल वेगळे लिहाच : हातातला चमचा कसा वापरायचा हे न उमगणं, उंबरठ्याशी थबकणं, जेवताना ठसका, रात्रीची जाग, पहिल्यांदाच आलेली फीट. डाउन सिंड्रोम असल्यास वयाच्या 40 पासून दरवर्षी भरावी. पहिली प्रत तब्येत ठणठणीत असतानाच भरा, सोबत जेवण्या-चालण्याचा छोटा व्हिडिओ ठेवा. काळजी घेणारा बदलला, की जुनं काय नि नवं काय यात हमखास गल्लत होते.

बदल दिसताच स्मृतिभ्रंशाचा शिक्का मात्र मारू नका. थायरॉइड, कान, मोतीबिंदू, दातदुखी, बद्धकोष्ठता, नैराश्य, औषधांचे दुष्परिणाम आधी तपासून घ्या. यांतल्या बऱ्याच गोष्टींवर उपचार आहेत.