नोट्रिम की स्पेशल नाईट स्क्वॉड, प्रोजेक्टला कोणतं घेऊ?

भाच्याला ब्रिटिश पॅलेस्टाईनमधल्या ज्यू पोलिसांवर प्रोजेक्ट करायचाय आणि तो या दोघांत अडकलाय, म्हणून त्याच्यासाठी लिहितेय.

आधी काम. नोट्रिम म्हणजे राखणदार, 1936 चा अरब उठाव सुरू झाल्यावर ब्रिटिशांनी उभे केलेले. वस्ती, शेतं, रस्ते, रेल्वे सांभाळायची. नाईट स्क्वॉड 1938 ची, ऑर्ड विंगेट या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याची. त्यात ब्रिटिश सैनिक आणि नोट्रिममधलीच निवडक पोरं, तळ एन हरोद या ज्यू वस्तीत. किर्कुकहून हैफाला जाणारी तेलाची पाइपलाइन वाचवायला रात्री अंधारात चालत जायचं आणि दबा धरून बसायचं.

मोकळीक बघितली तर नोट्रिमच वरचढ वाटतं मला, कारण गणवेश सरकारी, बंदूक कायदेशीर, पण बहुतेक जण आतून हगाना या ज्यूंच्या गुप्त सशस्त्र संघटनेचे, म्हणजे बेकायदा संघटनेला उघड्यावर ट्रेनिंग मिळत होतं आणि ते ब्रिटिशांच्याच जिवावर! स्क्वॉडमध्ये हुकूम विंगेटचा.

टिकाऊपणात तर तुलनाच नाही. स्क्वॉड 1939 मध्ये बंद, नोट्रिम 1948 पर्यंत.

एक गोष्ट मात्र टाळू नकोस, स्क्वॉडने अरब गावकऱ्यांना मारहाण केली, माणसं मारली. ते लिहायलाच हवं, नाहीतर नुसती शौर्यकथा होईल.

संस्था कशी उभी राहते हे दाखवायचं असेल तर नोट्रिम घे. लढाईचं तंत्र आणि एक माणूस उलगडायचा असेल तर स्क्वॉड, विंगेट नैनितालला जन्मलेला आणि पुढे बर्मात चिंडिट, म्हणजे शत्रूच्या हद्दीत घुसून लढणाऱ्या तुकड्या, घेऊन गेलेला, त्यामुळे आपल्याकडचा धागाही सापडेल.