पडवीवरचा रंगीत पत्रा वादळात कितपत टिकतो?

श्रीवर्धनपासून दापोलीपर्यंत कुठल्याही वाडीत शिरा, पडवी, खळं, गोठा, गच्ची, सगळीकडे निळा नाहीतर लाल रंगीत पत्रा दिसतो. त्यातला बराचसा ३ जून २०२० नंतर चढलेला आहे. त्या दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनारा ओलांडून आत शिरलं, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. मृग लागायला जेमतेम चार-पाच दिवस उरले होते. त्या आठवड्यात कोकणातलं घर पावसाळ्याच्या बेगमीने भरलेलं असतं. माळ्यावर लाकूडफाटा, बरणीत आमसुलं, पिशव्यांत सुकी मासळी, कोपऱ्यात भाताचं बियाणं. ज्यांचं छप्पर गेलं त्यांचं हे सगळं डोळ्यांदेखत भिजलं. त्यातच टाळेबंदी. पत्रे मिळेनात, कौलं मिळेनात, बसवणारे मिळेनात, आणि कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. जे हाती लागलं ते लोकांनी घाईने चढवलं. ती घाई समजण्यासारखी होती, पण तेव्हाची बरीच कामं अजून तशीच आहेत, म्हणून हा आढावा.

आधी पत्रा. दुकानात ०.३० पासून ०.५० मिलिमीटर जाडीपर्यंतचा माल असतो आणि रंग चढला की सगळे सारखेच दिसतात. दुकानदार सांगतो ती जाडी बहुधा रंगासकटची असते. सूक्ष्ममापी जवळ नसेल तर साधा उपाय म्हणजे वजनकाटा. दहा फूट लांब, साडेतीन फूट रुंद पत्रा खरोखर ०.५० चा असेल तर चौदा किलोच्या आसपास भरतो. ०.३५ चा असेल तर दहा किलो. काट्यावर दहा आले आणि पावतीवर ०.५० लिहिलं असेल तर तो पत्रा परत करा. किनाऱ्यावर साध्या जस्ताच्या मुलाम्यापेक्षा ॲल्युमिनियम-जस्त मुलाम्याचा पत्रा जास्त वर्षं जातो. मात्र त्याला ओलं सिमेंट लागू देऊ नये, सिमेंट तो मुलामा खातं. भिंतीला टेकणारी कड सिमेंटमध्ये पुरून टाकायची गवंड्यांची सवय इथेच नडते. हमीपत्रही नीट वाचा. हमी सहसा रंग आणि गंज यांची असते, वाऱ्याची नसते. शिवाय समुद्रापासून अमुक अंतराच्या आत ती लागू नाही, अशी ओळ पुष्कळदा असते.

पण वादळात पत्र्याची जाडी हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न, तो कशाने धरलाय.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ६० किलोमीटरला चौरस मीटरमागे साधारण १७ किलो, १२० ला ६८ किलो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट. छपरावर हा दाब बहुतेक वरच्या दिशेने, ओढीसारखा काम करतो. वळचणीला, आढ्याला आणि कोपऱ्यांत तो दुप्पट धरावा लागतो. पत्र्याचं स्वतःचं वजन चौरस मीटरला जेमतेम चार-साडेचार किलो. म्हणजे जागेवर राहायला त्याच्यापाशी स्वतःचं काहीच नाही, सगळी भिस्त स्क्रूवर.

आता बसवणाऱ्यांची नेहमीची पद्धत बघा. आडव्या पट्ट्या (पर्लिन) पाच फुटांवर, आणि स्क्रू पत्र्याच्या नागमोडीतल्या दर तिसऱ्या उंचवट्याला. उंचवटे वीस-वीस सेंटिमीटरवर असतील तर एका स्क्रूच्या वाट्याला जवळपास ०.९ चौरस मीटर पत्रा येतो. कोपऱ्यात १२० च्या वाऱ्यात त्या एका स्क्रूवर १२० किलोंची ओढ. पातळ पत्रा एवढ्याने स्क्रूच्या डोक्याभोवती फाटतो. स्क्रू पर्लिनमध्ये तसाच राहतो आणि पत्रा त्याच्यावरून निघून जातो. तेच पर्लिन तीन फुटांवर घेतले आणि प्रत्येक उंचवट्याला स्क्रू मारला तर ओढ २५ किलोंवर येते. खर्च वाढतो तो दोन-तीन जादा पाइपांचा आणि काही डझन स्क्रूंचा. एवढ्या खर्चात पाचपट ताकद मिळत असताना तिथे हात आखडणं परवडत नाही. सगळीकडे जमत नसेल तर निदान चारी कडांपासून तीन-चार फुटांचा पट्टा असा करा, मध्ये एकाआड एक उंचवटा चालेल.

स्क्रूचं डोकं जवळून बघितलं की पुष्कळ कळतं. काळं रबर धातूच्या चकतीच्या कडेने एकसारखं, केसभर बाहेर डोकावत असेल तर काम बरोबर. रबर चिरून बाहेर आलं असेल तर स्क्रू मारायची बंदूक जास्त दाबली गेली. दोन उन्हाळ्यांत ते कडक होईल आणि पाणी आत घेईल. स्क्रूभोवती तांबूस कडं दिसलं तर मुलामा संपला. भोक गोलाचं लांबट झालं असेल तर रोजच्या उन्हाने पत्रा ताणून-आकसून ते रुंदावलंय, तिथे त्याच भोकात नवा स्क्रू घालून काही उपयोग नाही. शेजारी नवं भोक पाडा, उंचवट्याच्या आकाराचा सॅडल वॉशर लावा आणि जुनं भोक सीलंटने बंद करा. पत्रा ग्राइंडरने कापला असेल तर उडालेला किस त्याच दिवशी झाडून काढा. रात्रभर राहिला तर सकाळी पत्र्यावर गंजाचे ठिपके उमटलेले असतात.

सगळ्यात मोठी चूक मात्र दिशेची. पावसाळी वारा नैऋत्येचा, म्हणून आपण समुद्राकडची बाजू झापांनी, जाळीने, जाड स्क्रूंनी बंद करतो आणि पूर्वेची पडवी मोकळी ठेवतो. चक्रीवादळाचा वारा घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो. वादळ अजून समुद्रात, आपल्या नैऋत्येला असतं तेव्हा पहिला जोर जमिनीकडून, पूर्वेकडून येतो, मग दक्षिणेकडे वळतो आणि केंद्र पुढे सरकल्यावर समुद्राकडून येतो. ‘निसर्ग’सारखं दक्षिणेकडून चढत आलेलं वादळ असो की मे २०२१ मधलं, किनाऱ्याला समांतर वर सरकत गुजरातला गेलेलं ‘तौक्ते’, फिरण्याची दिशा तीच. उघड्या पडवीत वारा खालून भरतो, वरून ओढ, खालून ढकल. म्हणून पूर्वेची वळचणही पश्चिमेइतकीच घट्ट हवी.

मग खांब. वीस बाय दहा फुटांच्या शेडवर १२० च्या वाऱ्यात सव्वा टनाची ओढ येते. पत्रा आणि पाइप मिळून वजन तीन-चारशे किलो. बाकीची ओढ खांबांच्या बुडाने धरायची. सहा खांब असतील तर प्रत्येकी दीडशे किलोंच्या आसपास, कोपऱ्यातल्यांवर त्याहून जास्त. गच्चीच्या कठड्यात, त्यातही जांभ्याच्या, ठोकलेले अँकर हे धरत नाहीत, दगड भुसभुशीत होऊन बोल्ट उपसतो. बोल्ट स्लॅबच्या तुळईत जायला हवा. प्रत्येक खांबाला ६ मिलिमीटर जाड तळपट्टी आणि १२ मिलिमीटरचे चार बोल्ट. खळ्यातल्या शेडला दीड फूट बाय दीड फूट, अडीच फूट खोल काँक्रीटचा खड्डा. त्यातलं काँक्रीटच चारशे किलोंच्या जवळ जातं. मुरमात नुसता पाइप रोवून वर घमेलंभर माल ओतला तर तो आधार नव्हे. पर्लिन आणि खांब यांचा जोड फक्त ठिपक्यांनी वेल्ड केलेला असेल तर स्क्रू कितीही मारा, अख्खा सांगाडा पत्र्यासकट उठतो.

तुलना मंगलोरी कौलांशी व्हायलाच हवी. चौरस मीटरला पंधराएक कौलं, वजन पस्तीस किलोंच्या घरात. शिवाय फटींतून हवा जाते-येते, त्यामुळे आतबाहेरच्या दाबात फरक कमी पडतो. कौलारू छप्पर जातं ते बहुधा वळचणीच्या आणि आढ्याच्या ओळींपासून, नाहीतर माड-सुपारी अंगावर पडून. कौलाच्या पाठीला तारेसाठी भोक असतं आणि ते बहुतेक घरांत रिकामंच असतं. खालच्या तीन आणि वरच्या दोन ओळी रिपेला तारेने बांधल्या तर फार फरक पडतो. कौल फुटलं तर एक बदलता येतं. पत्रा उडाला तर तो रस्त्यावर, विजेच्या तारांवर, माणसांवर जातो, कडेची धार कोयत्यासारखी. त्यामुळे मुख्य घराची कौलं काढून पत्रा घालण्याचा सल्ला आम्ही देणार नाही. पडवी, गोठा, गच्ची यांसाठी पत्रा चांगला, हलका, झटपट. अट एकच, वर सांगितलेला हिशोब पाळलेला हवा. सिमेंटचा पत्रा या स्पर्धेतच नको. फांदी पडली की तडकतो, पत्रा धरणारा जे-हुक (वाकडा आकडा) जास्त आवळला की त्याहून लवकर, आणि त्याचे जुने तुकडे कोरडे कापले तर ॲस्बेस्टॉसची धूळ छातीत जाते. काढायचेच असतील तर भिजवून, अखंड उतरवा.

दुरुस्तीची वेळ एप्रिल आणि ऑक्टोबर. अरबी समुद्रातली वादळं पावसाळ्याच्या दोन्ही टोकांना येतात. ‘फयान’ ११ नोव्हेंबर २००९ ला आलं, मासेमारीच्या ऐन हंगामात. हवामान खात्याचा पिवळा इशारा आला की सैल पत्रे बांधा, खळ्यातली फळकुटं आणि रिकामी पिंपं आत घ्या, पाण्याची टाकी भरून ठेवा. टाकी रिकामी असली तर तीही उडते. नारिंगी इशाऱ्यानंतर शिडीला हात लावू नका. दगड, वाळूची पोती वर चढवून पत्रा दाबू नका, पत्रा उठला की तीच खाली येतात. आणि वादळाचं केंद्र डोक्यावरून जात असेल तर वारा एकदम पडतो, काही मिनिटं लख्ख शांत होतं. त्या शांततेत लटकणारा पत्रा ओढायला कुणी वर जाऊ नये. पुढचा झोत उलट्या बाजूने येतो, पहिल्याइतकाच जोरात.